परवान्यावरची माणसं

हॅडली, मोंटाना
५ सप्टेंबर २०२३

प्रिय बाबा,

रेडिओवर बोलायचा परवाना आला. परीक्षा नाही, मुलाखत नाही. संगणकावर फॉर्म भरला, पस्तीस डॉलर भरले आणि तिसऱ्या दिवशी वॉशिंग्टनच्या सरकारी खात्याकडून आपला नंबर आला. चार अक्षरं आणि तीन आकडे. सोबतच्या कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून पाठवतेय, ते रेडिओच्या वर खिळ्याला अडकवा. बोलणं संपवताना हा नंबर म्हणायचाच, आणि बोलणं लांबलं तर दर पंधरा मिनिटांनी एकदा. तुमचं बोलणं पंधरा मिनिटं चालेल अशी भीती मला वाटत नाही.

आता मुद्द्याचं. मे महिन्यात दरड कोसळून तुमची फोनची तार तुटली, आणि एका घरासाठी आठ मैल तार आम्ही पुन्हा ओढणार नाही, असं कंपनीने लेखी कळवलंय. मोबाईल तुमच्या खोऱ्यात चालत नाही. रविवारी सिग्नीचा मिनिआपोलिसहून फोन आला होता. "कोरिन, एकोणऐंशी वर्षांचा माणूस अकरा मैलांवर एकटा राहतो. उद्या पडला तर कुत्रं येऊन सांगणार आहे का तुला?" असं म्हणाली. तिने तिकडे म्हाताऱ्यांच्या एका निवासात खोली बघून ठेवलीय. ती तुमची मुलगी आहे, तिचा जीव टांगणीला लागणारच. पण तुम्हाला त्या खोलीत बसवलं तर दोन महिन्यांत तुम्ही भिंतीशी भांडायला लागाल, हेही मला माहीत आहे.

म्हणून मी तिच्याशी ठरवलंय. एक ऑक्टोबरपासून तीस दिवस रोज संध्याकाळी सहाला तुम्ही माझ्याशी रेडिओवर बोलायचं. एकही दिवस चुकला नाही तर तुम्ही घरीच राहाल. चुकला तर सिग्नी येऊन घेऊन जाईल. तुमच्या वतीने मी हो म्हटलंय. रागवायचं असेल तर रेडिओवर रागवा, तेवढीच सवय होईल.

एका परवान्यावर सगळं कुटुंब बोलू शकतं. नवरा-बायको, मुलं, नातवंडं, आईवडील, भावंडं, काका-मावश्या, भाचे-पुतणे आणि सासरची माणसं. चुलत-मावस भावंडं तेवढी त्यात नाहीत. नेल्स गेला तरी तुम्ही माझे सासरे, म्हणजे तुम्ही आहात. माझ्या शब्दावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही म्हणून नियमाचा कागद छापून जोडलाय.

आपला टपालवाला लाइल कोवाल्की शनिवारी येऊन तुमच्या पवनचक्कीच्या मनोऱ्यावर अँटेना बसवेल. त्याचा स्वतःचा परवाना आहे आणि त्याला यातलं कळतं. त्याच्याशी नीट वागा. दोन्ही रेडिओंवर मी चौदा नंबरचा खासगी कोड लावलाय, म्हणजे आपलं बोलणं आपल्यापुरतंच राहील.

तुमची,
कोरिन

ग्रूस क्रीक
१७ सप्टेंबर

प्रिय कोरिन,

तुझा लाइल आला आणि मनोऱ्यावर माकडासारखा चढला. उतरल्यावर माझी आल्याची बिस्किटं डब्याच्या बुडापर्यंत संपवली. टपाल टाकायला येतो तेव्हाही हल्ली तो गाडी बंद करून उतरतो आणि 'कोरिन कशी आहे' म्हणून मला विचारतो. त्याची टपालकचेरी तुझ्याच गावात आहे. तुझी खबर त्याला अकरा मैल वर येऊन का लागते, हे मला समजत नाही.

पहिल्या दिवशीची फजिती तुला माहीत आहे. तू उत्तर देत नाहीस म्हणून मी पाच मिनिटं तुला बोल लावत होतो, आणि बोलायच्या बटणावरचा अंगठा उचलल्याशिवाय समोरचं ऐकू येत नाही, तो मी उचललाच नव्हता. नेल्स असता तर जमिनीवर लोळून हसला असता. चार वर्षं झाली त्याला जाऊन, अजूनही अशी काही गंमत झाली की मी मान वळवून त्याच्या खुर्चीकडे बघतो.

नंबर म्हणायला मला लाज वाटते. माझ्याच घरात बसून मी कोण ते वॉशिंग्टनला सांगायचं म्हणजे काय? पण नियम आहे म्हटल्यावर म्हणतो. परवान्याशिवाय मी आयुष्यात एक मासा धरलेला नाही, आणि मर्यादेपेक्षा एक जास्त लागला तर तोही परत सोडलाय.

कागद दोनदा वाचला. यादी चांगली केलीय. मोझीचं नाव नाही, पण ती सहाच्या सुमारास रेडिओसमोर येऊन बसते आणि तुझा आवाज आला की शेपूट आपटते. तिला कोणता नियम लागतो ते बघ.

सिग्नीला सांग, मी पडलो तर उठेन. नेहमी उठत आलोय.

हॅल्वर

हॅडली
२८ सप्टेंबर

प्रिय बाबा,

लाइल सगळ्यांचीच चौकशी करतो. स्वभाव आहे त्याचा.

रविवारपासून आपले तीस दिवस सुरू होतील, म्हणून आता नीट ऐका. बटण दाबल्यावर एक श्वास घ्या आणि मग बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. तोंड माईकला चिकटवू नका, तुम्ही गुहेतून बोलताय असं वाटतं. बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायला मी सांगितलेलं नाही, पण तुम्हाला आवडतंय तर म्हणा. आणि पोट साफ झालं की नाही ते रोज सांगायला हवं असं नाही. सहाला मी इथे शाळेच्या स्वयंपाकघरातून येऊन नुकती पाय वर करून बसलेली असते.

एक तक्रार आलीय. खोऱ्यातल्या टटलबाई म्हणाल्या की मंगळवारी त्या नवऱ्याशी अडलेल्या गायीबद्दल बोलत होत्या आणि तुम्ही मधेच तुमचं पर्जन्यमान सुरू केलंत. गाय सुटली, पण बाई चिडल्यात. लाइलने सांगितलं की आपल्या रेडिओवर 'मॉनिटर' नावाचं बटण आहे. बोलण्याआधी ते दाबून ऐकायचं. कोणी बोलत असेल तर थांबायचं, शांत असेल तर बोलायचं. एवढी सभ्यता पाळली तर कोणाचं भांडण होणार नाही.

लाकडं पुरेशी फोडलीत का? दुधाची पावडर आणि लोकरीचे मोजे लाइलबरोबर पाठवलेत.

कोरिन

ग्रूस क्रीक
८ ऑक्टोबर

प्रिय कोरिन,

मॉनिटरचं बटण सापडलं. आता रोज सहाच्या आधी खुर्ची ओढून बसतो, बटण दाबतो आणि सभ्यपणे ऐकतो. बरंच ऐकू येतं.

टटलबाईंची मी माफी मागितली. त्यांनी वासराचं नाव हॅल्वर ठेवलंय म्हणून सांगितलं. वासरू आडमुठं आहे म्हणे.

तो नियमाचा कागद पुन्हा काढून वाचला. त्यात 'सासरची माणसं' एवढंच लिहिलंय. माणूस किती दिवस सासरचा राहतो, ते लिहिलेलं नाही. म्हणजे नवरा गेला तर? आणि पुढे आणखी काही झालं तर? तू वॉशिंग्टनला विचारून बघशील का? मला घाई नाही, सहज विचारलं.

आणखी एक. सहाची वेळ तुला अडचणीची होते का? तुझं वय काही रोज संध्याकाळी म्हाताऱ्याचं पर्जन्यमान ऐकत बसायचं नाही. चव्वेचाळीस म्हणजे काहीच नाही. खरं काय ते लिही.

मोजे चांगले आहेत. लाकडं पुरतील.

हॅल्वर

हॅडली
१४ ऑक्टोबर

बाबा,

आज 'प्रिय' लिहायला हात उचलत नाहीये.

दहा तारखेला सहाला मी हाक मारली, तुमचं उत्तर नाही. साडेसहालाही नाही. सातला सिग्नीचा फोन आला. आपल्या ठरावाप्रमाणे ती रोजच विचारते. खोटं बोलायला मला जमत नाही. अकरा तारखेला लाइलचा टपालाचा दिवस होता, त्याने येऊन सांगितलं की तुमच्या धुराड्यातून धूर निघत होता पण दाराला कुलूप होतं आणि ट्रक जागेवर नव्हता. त्या संध्याकाळीही उत्तर नाही. बारा तारखेलाही नाही. काल मी शाळेत सुट्टी टाकून वर आले, वाटेत दोनदा गाडी थांबवून रडले, आणि तुम्ही अंगणात मजेत लाकडं फोडत होतात.

"काय झालं?" म्हटलं तर म्हणालात, "बॅटरी." मी बॅटरी बघितली बाबा. बॅटरी भरलेली आहे.

मग आपण कॉफी प्यायलो, वारा कुठून येतोय ते बोललो, आणि मी परत आले. आपल्या घरात हे असंच. नेल्सच्या दफनाच्या दिवशीसुद्धा तुम्ही आणि मी तासभर सरपणाबद्दल बोललो होतो. तोंडासमोर तुमच्याकडून काही निघणार नाही, म्हणून लिहितेय. आता तुम्हीही लिहा.

सिग्नीने त्या खोलीचा फॉर्म भरून ठेवलाय. मी हातापाया पडून आणखी एक संधी मागून घेतलीय. चोवीस ऑक्टोबरपासून नव्याने पहिला दिवस. तीस दिवस बावीस नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी संपतात. त्या संध्याकाळी ती स्वतः तुमच्या शेजारी बसून ऐकणार आहे. यानंतर संधी नाही.

तुमचा प्रश्न मी वॉशिंग्टनला विचारलेला नाही. तो प्रश्नच मला आवडला नाही. मलाही तुम्हाला एक गोष्ट सांगायचीय, पण ती थँक्सगिव्हिंगनंतर.

तुम्हाला तिथून जायचंय का? तसं असेल तर तसं सांगा. मी एकटीच का झगडतेय मग?

कोरिन

ग्रूस क्रीक
१७ ऑक्टोबर

प्रिय कोरिन,

तुला रडवलं ते वाईट केलं. बॅटरीबद्दल खोटं बोललो, तेही वाईट केलं.

तुझी ती एक गोष्ट मला माहीत आहे. सात तारखेला पावणेसहाला मी तुझ्या सांगण्याप्रमाणे मॉनिटरचं बटण दाबलं. चॅनल मोकळा नव्हता. तू होतीस आणि गाडीतून बोलणारा लाइल होता. तुम्ही दुसरा कुठला कोड लावला असेल, पण हे बटण दाबलं की सगळे कोड उघडे पडतात. मी पुस्तिका नंतर वाचली. त्यात स्पष्ट लिहिलंय की 'खासगी कोड' हे नुसतं नाव आहे. दुसऱ्यांचा आवाज तेवढा आपल्या कानाआड होतो, आपला कोणाच्याही होत नाही.

लाइल म्हणाला, "मग तारीख ठरवू या का?" तू म्हणालीस, "ऑक्टोबर संपेपर्यंत नाही. तोवर मी त्या सहाच्या हाकेत अडकलेय. आणि म्हाताऱ्याला मी काय सांगू?"

मी बटण सोडलं. लगेच सोडायला हवं होतं, पण अंगठा निघाला नाही.

दोन दिवस विचार केला. तू चार वर्षं माझी काळजी घेतलीस. नेल्स असता तरी त्याने एवढी घेतली नसती, तो विसराळू होता. आता तुझ्या दारात चांगला माणूस उभा आहे, आणि मी मधे आडवा पडलोय. म्हणून अकरा तारखेला मी ट्रक काढला, चर्चच्या मागे लपवून लावला आणि हॅडलीच्या वाचनालयात गेलो. तिथल्या बाईंनी माझ्या नावाचा फॉर्म भरून दिला. काल कागद आला. लाइलनेच आणून दिला, आणि पाकिटात काय आहे ते त्याला कळलं नाही. आता माझा स्वतःचा परवाना आहे, स्वतःचा नंबर आहे. यापुढे मी सहाला टटलबाईंना हाक मारेन. त्या हो म्हणाल्यात. सिग्नीला कोणीतरी ऐकतंय एवढंच हवंय.

मधले दिवस गप्प राहिलो, कारण ज्या परवान्यावर आपला हक्क राहिला नाही त्यावर बोलणं मला बरोबर वाटलं नाही. तारीख चुकली, हे लक्षात होतं. इथून जायची माझी इच्छा नाही. मला इथेच मरायचंय, आणि तेही बऱ्याच वर्षांनी. पण तुझ्या आयुष्याच्या बदल्यात नको.

लाइलला हो म्हण. तो बिस्किटं फार खातो, पण मनोऱ्यावर चढण्याआधी त्याने माझी शिडी तपासून पक्की केली, ते मी बघितलंय.

हे पत्र तोच खाली आणणार. पाकीट मी दोनदा चिकटवलंय.

हॅल्वर

हॅडली
२० ऑक्टोबर

प्रिय बाबा,

तुमचं पत्र वाचून मी आधी ओरडले, मग हसले, मग लाइलला बोलावून पुन्हा ओरडले.

कोड खासगी नसतो हे त्याला आधीपासून माहीत होतं. "मला वाटलं तुला माहीत आहे," म्हणतो. मी म्हटलं, "मग लग्नाच्या गोष्टी रेडिओवर कशाला काढल्यास? अख्खं खोरं ऐकत होतं." तर म्हणतो, "माझ्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतं." आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? रविवारी चर्चमध्ये टटलबाईंनी बटाट्याचं भलंमोठं भांडं माझ्या हातात दिलं होतं आणि 'दोघांना पुरेल' असं म्हणाल्या होत्या. मला वाटलं, तुमच्या-माझ्यासाठी. तुम्हाला लाज वाटत होती नंबर म्हणायची. माझं काय झालं असेल ते बघा. नियम शिकवणारी मीच, आणि सगळ्या खोऱ्यासमोर बडबडत बसलेली मीच.

आता नीट वाचा. तुम्ही अर्धं ऐकलंत. लाइलचं घर डोंगराच्या पलीकडच्या खोलगट भागात आहे. तिथे तुमचा आवाज पोचत नाही. आम्ही तीनदा करून बघितलं, नुसती खरखर येते. मी लग्न करून तिकडे गेले असते तर सहाला तुमचं ऐकायला कोणी नव्हतं, आणि सिग्नीला हे कळलं असतं तर तिने त्याच दिवशी तुमचं सामान बांधलं असतं. म्हणून ऑक्टोबर संपेपर्यंत नाही म्हटलं. अडकलेय म्हणजे तुमच्यामुळे कंटाळलेय असं नाही हो. ते तीस दिवस मला जिंकायचे होते. तुमच्यापेक्षा मलाच जास्त.

आणि 'म्हाताऱ्याला काय सांगू' हे खरं आहे. नेल्सच्या वडिलांसमोर दुसऱ्या माणसाचं नाव घ्यायला माझी जीभ उचलत नव्हती. तुम्ही मान वळवून त्याच्या खुर्चीकडे बघता ना, तशी मीही इथल्या त्याच्या खुर्चीकडे बघते. लाइलला ते माहीत आहे. त्याने ती खुर्ची कधी हलवली नाही, तिच्यावर कधी बसलाही नाही. मला त्याच्याशी लग्न करायचंय बाबा. मला तो आवडतो. हे सांगायला मला डोंगराएवढी भीती वाटत होती, आणि तुम्ही तर सगळं ऐकून लाकडं फोडत बसला होतात.

आम्ही तोडगा काढलाय. लाइल म्हणतो, "अँटेना तुझ्या अंगणात आहे, तर मीच इकडे येतो. दोन पेट्या आणि गळ, एवढंच तर सामान." म्हणजे सहाची हाक इथूनच.

तुमच्या परवान्याने मात्र मला खरंच दुखावलं. तुम्ही वेगळा परवाना काढलात, त्याचा अर्थ तुम्ही मला तुमच्या माणसांतून काढलंत का? एवढं एक उत्तर मला हवंय. बाकी वॉशिंग्टनला काय वाटतं याच्याशी मला देणंघेणं नाही.

चोवीसला सहाला मी हाक मारणार आहे. टटलबाईंना सांगा, त्यांनी वासराकडे बघावं.

कोरिन

ग्रूस क्रीक
२५ नोव्हेंबर

प्रिय कोरिन,

महिनाभर रोज सहाला तुझ्याशी बोललो, पण तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. ते टटलबाईंच्या कानावर घालायचं उत्तर नव्हतं. परवा तुझ्याकडे जेवताना देता आलं असतं, पण टर्की कापायची होती, माझी लेफ्साची बटाट्याची पोळी तव्यावर करपत होती, आणि आपल्याकडे जेवणाच्या टेबलावर असं कोणी बोलत नाही. म्हणून बुधवारी संध्याकाळी माझ्या बाजूला काय झालं ते आता लिहितो. तुला तिकडे नुसता आवाज आला.

सिग्नी पाच वाजल्यापासून रेडिओसमोर घड्याळ घेऊन बसली होती. पोलिसात असल्यासारखी. मोझी तिच्या बुटांवर झोपली. मी बटण दाबून ऐकलं, चॅनल मोकळा होता. सगळं खोरं श्वास रोखून बसलेलं असणार. मग बरोबर सहाला तू हाक मारलीस. मी म्हटलं, पाच इंच बर्फ, पोट ठीक, ओव्हर. तू हसलीस. तुझ्या मागे लाइल म्हणाला, "म्हाताऱ्याला विचार, बिस्किटं शिल्लक आहेत का." मी नंबर म्हटला, तू म्हटलास, आणि तीस दिवस पुरे झाले.

सिग्नीने माझा परवाना भिंतीवरून काढून वाचला. "दहा वर्षांचा आहे हा," म्हणाली. मी म्हटलं, "हो. एकोणनव्वदाव्या वर्षी नूतनीकरण करायचंय. लक्षात ठेव." तिने खिशातून निवासाचा फॉर्म काढला आणि चुलीत टाकला. खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. मी धुराचं निमित्त केलं.

मग तिला परवान्याच्या खाली लावलेलं कार्ड दिसलं. तुझा प्रश्न आला त्याच संध्याकाळी ते मी पेन्सिलीने लिहिलं होतं. माझ्या परवान्यावर कोण कोण बोलू शकतं त्याची यादी. परवाना तुला काढून टाकायला नव्हता गं. तुला मोकळं करायला काढला होता, पण कागद हातात आल्यावर पहिलं नाव कोणाचं लिहायचं याचा मला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

सिग्नीने चष्मा लावून वाचलं. कोरिन, मुलगी. सिग्नी, मुलगी. लाइल, जावई.

"बाबा," ती म्हणाली, "मी तर लग्नच केलेलं नाही. जावई कुठून आला?"

मी म्हटलं, "तुझ्याकडून नाही. कोरिनकडून."

मग माझ्या हातातली पेन्सिल घेऊन तिने तळाला मोझीचं नाव लिहिलं आणि कार्ड पुन्हा खिळ्याला अडकवलं.

लाइलला सांग, त्याचा स्वतःचा परवाना आहे हे मला ठाऊक आहे, तरी नाव राहू दे. आणि लग्नाच्या दिवशी तुमच्याकडची नेल्सची खुर्ची बाहेर काढा. तिच्यावर मी बसेन.

सहाला दहा मिनिटं आहेत. बिस्किटं भट्टीतून काढतो आणि ऐकायला बसतो.

तुझा,
बाबा